झिजलेली तबकडी काय सांगते?

१/ वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी, बाजाराच्या मागच्या आळीत एक जुने घर आहे. घर विकायचे ठरले तेव्हा आवराआवरीसाठी पुण्याहून नात आली. माळ्यावर तिला पत्र्याची एक पेटी सापडली. पेटीत ग्रामोफोनच्या ४७ तबकड्या होत्या आणि शेजारी काळ्या कापडी आवरणाचा, चावीचा पेटी-ग्रामोफोन. आजोबा शाळामास्तर होते. ते जाऊन नऊ वर्षे झाली. आजी आहे, तिचे वय ८९.

२/ जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन तबकड्या पाहून गेला. प्रत्येक तबकडी उजेडात तिरपी धरून त्याने १२ निवडल्या, ३५ बाजूला सारल्या. "ह्या घासलेल्या आहेत, ताई. ह्यांना गिऱ्हाईक नाही." त्याचे म्हणणे बाजाराच्या दृष्टीने खरे होते. या लेखमालेतील आजचा भाग त्या ३५ तबकड्यांविषयी आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल काय?

३/ प्रथम वस्तू समजून घेऊ. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी ही तबकडी बहुधा १० इंच व्यासाची असे. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. १२ इंची तबकडीवर मिनिटभर अधिक. तासभर रंगणारा ख्याल आणि रंगभूमीवर वन्समोअर घेत लांबणारे नाट्यपद, दोघांनाही याच मापात बसावे लागले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आपल्या गायनाचा जो ध्वनी आज हाती आहे, त्यातील फार मोठा भाग या तीन मिनिटांच्या चौकटीतला आहे.

४/ तबकडी घडे ती लाखेपासून. कुसुम, पळस, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेसारखा पदार्थ स्रवतात. महाभारतातील लाक्षागृह आणि लग्नातील लाखेच्या बांगड्या ज्या पदार्थाच्या, त्याच पदार्थाच्या या तबकड्या. लाखेत दगडाची बारीक भुकटी व काजळी मिसळून तापलेल्या साच्यात दाबले की तबकडी तयार होई. छोटा नागपूरचा प्रदेश लाखेचे मोठे आगर होता आणि जगभरच्या तबकड्यांना लाख पुरवली जाई ती मुख्यतः हिंदुस्थानातून. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडखळला, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेला तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेच्या वापरात मोठी कपात करावी लागली. जंगलात लाख गोळा करणाऱ्या हातांची नावे मात्र कोणत्याही तबकडीवर नाहीत.

५/ हिंदुस्थानातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ कलकत्त्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यंत्रसामग्री घेऊन तेथे आले आणि त्यांनी ज्यांचे गाणे टिपले, त्यांत गौहर जान होत्या. गाणे संपताच त्या इंग्रजीतून स्वतःचे नाव सांगत. त्या काळी मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोवर येथे पाठवून तेथे तबकड्या काढल्या जात. तेथील कामगारांना गायिकेचे नाव कळावे, हा या घोषणेचा एक उद्देश मानला जातो. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये दमदमचा मोठा कारखाना उभा राहिला. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र तेथूनच आपल्या गावोगावी पोहोचले.

६/ मुंबईही मागे राहिली नाही. १९३० च्या दशकात 'यंग इंडिया' हे देशी नाव धारण करणाऱ्या तबकड्या मुंबईत निघू लागल्या आणि मराठी-गुजराती गायकांना, विशेषतः मोठ्या कंपन्यांच्या दारी न पोहोचलेल्यांना, तेथे संधी मिळाली. लहान गावांत तबकड्यांचे वेगळे दुकान क्वचितच असे. घड्याळे, सायकली, शिवणयंत्रे विकणाऱ्या दुकानातच एका फळीवर तबकड्या मांडलेल्या असत. आमच्या कथेतील मास्तरांनी पगारातून वाचवून वर्षाकाठी दोन-तीन, अशा बेताने त्या घेतल्या. आजीला आजही आठवते, की नवी तबकडी येई त्या महिन्यात घरी चहाची साखर मोजून वापरावी लागे.

७/ आता विजेकडे वळू. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातील साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांपैकी केवळ सुमारे १,५०० खेड्यांत वीज पोहोचलेली होती. तालुक्याच्या गावांची स्थिती याहून बरी असली, तरी गावात वीज आली म्हणजे ती प्रत्येक घरात आली असे नव्हे. चावीच्या ग्रामोफोनला विजेची गरजच नव्हती. चावी फिरवली की पोलादी स्प्रिंग आवळली जाई आणि ती उलगडताना तबकडी फिरे. आवाज मोठा होई तोही केवळ पोकळीतून, विजेविना.

८/ यातून एक विलक्षण गोष्ट घडली. १९४८-४९ मध्ये अमेरिकेत लाखेची जागा घेणाऱ्या, न फुटणाऱ्या, संथ फिरणाऱ्या नव्या तबकड्या आल्या आणि १९६० च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत ७८ फेऱ्यांची तबकडी जवळजवळ संपली. आपल्याकडे मात्र ती १९६० च्या दशकातही निघत राहिली, कारण चावीवर चालणारे असंख्य ग्रामोफोन घराघरांत होते. म्हणूनच 'बीटल्स'ची गाणी ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर दमदमला निघाली. आज परदेशी संग्राहक त्या तबकड्यांचा हौसेने शोध घेतात आणि त्यांना भारी किंमत मोजतात. ज्या दुर्मीळतेचे त्यांना अप्रूप वाटते, तिच्या मुळाशी आपल्या गावांतील अंधार आहे.

९/ संग्राहकाची कसोटी स्वच्छतेची. कागदी चिठ्ठी शाबूत हवी, मूळ पाकीट हवे, काठाला टवका नको आणि चरांची काळी चकाकी कायम हवी. या कसोटीत गैर काही नाही. स्वच्छ तबकडीतूनच गायकाचा आवाज आपल्यापर्यंत नीट पोहोचतो. अशा अनेक संग्राहकांच्या चिकाटीमुळे, मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेसारख्या प्रयत्नांमुळे, कितीतरी आवाज वाचले. मात्र स्वच्छ तबकडी एक गोष्ट सांगू शकत नाही: ती कोणी ऐकली का?

१०/ तबकडी झिजते कशी, हे पाहिले म्हणजे मुद्दा उलगडेल. सुई पोलादाची असे आणि दर बाजूला नवी सुई लावावी अशी कंपनीची सूचना असे. तबकडीतील दगडी भुकटी सुईचे टोक घासून चराच्या आकाराचे करी. तीच सुई पुन्हा वापरली की घासलेल्या टोकाच्या कडा चराच्या भिंती खरवडू लागत. काटकसरीच्या घरी एक सुई अनेकदा वापरली जाणे स्वाभाविक होते. दर वेळी थोडा काळा थर जाई आणि चर राखाडी होत. म्हणजे राखाडीपणा ही ऐकण्याचीच नोंद आहे. ग्रंथालयातील पुस्तकावर परतीच्या तारखांचे शिक्के पडावेत, तशी.

११/ या दृष्टीने ती पेटी पुन्हा पाहावी. व्यापाऱ्याने निवडलेल्या १२ स्वच्छ तबकड्यांत शास्त्रीय गायनाच्या १२ इंची तबकड्या होत्या, एक इंग्रजी बँडची होती, दोन भाषणांच्या होत्या. पाहुण्यांना दाखवण्यासाठी घेतलेल्या, मामलेदार आले तर लावण्यासाठी राखलेल्या. नाकारलेल्या ३५ मध्ये नाट्यपदे, अभंग, भावगीते आणि चित्रपटगीते होती. घराची प्रतिष्ठा चकाकत होती. घराची आवड राखाडी झाली होती.

१२/ त्या राखाडी ढिगात एक भावगीत होते, ज्याने मास्तरांच्या जिल्ह्याला अभिमान दिला. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी गायिली. मराठी भावगीताच्या इतिहासात या तबकडीचा उल्लेख आरंभीच्या टप्प्यावर केला जातो. लहान गावाने शहराचे गाणे केवळ ऐकले, असे मानण्याची सवय आपल्याला आहे. येथे लहान गावातील वकिलाच्या वहीतील ओळी तबकडीवर चढून पुन्हा लहान गावांत परतल्या.

१३/ चिठ्ठ्यांवरील नावेही वाचण्याजोगी आहेत. आरंभीच्या काळात ज्या स्त्रिया गायल्या, त्यांतील बहुतेक पेशाने गाणाऱ्या: नावापुढे 'जान' किंवा 'बाई'. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतील गायक-गायिका पुढे तबकडीवर येऊ लागल्या, तेव्हा काही चिठ्ठ्यांवर नावासोबत 'अमॅच्युअर', म्हणजे हौशी, असा शब्द छापला जाई. आपण पेशेवाईक नाही, हे सांगण्याची ती धडपड. गोव्यातील केरी गावी, देवळाशी बांधलेल्या कलावंत समाजात जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीतून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाला. त्याच समाजातील स्त्रियांचे गाणे दिवाणखान्यात कौतुकाने लावणाऱ्या किती घरांनी त्यांना पंक्तीला बसवले असते, हा प्रश्न चिठ्ठी विचारत नाही. वाचणाऱ्याने तो विचारावा.

१४/ सर्वांत झिजलेल्या तबकडीची चिठ्ठी पूर्ण निघून गेली होती. ती कोणाची, कोणत्या गाण्याची, काहीच कळत नव्हते. नातीने ती आजीच्या हाती दिली. आजीला आता नीट दिसत नाही. तिने तबकडीच्या काठावरून अंगठा फिरवला आणि एका टवक्यापाशी तो थांबला. "ही देऊ नको, पोरी. ही माही आहे."

१५/ मग आजीने जे सांगितले ते असे. दुपारी पुरुषमंडळी बाहेर असत. सासूबाईंचा डोळा लागला की ती ग्रामोफोन माजघरात नेई, चावी पूर्ण फिरवी आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पेटीचे झाकण जमेल तितके खाली ओढून घेई. सुनेने दुपारी गाणे लावणे शोभत नसे. नवी सुई मागता येत नसे, कारण डबीतील सुया मास्तर मोजत. म्हणून तीच जुनी सुई, तेच गाणे, तीन मिनिटे. टवका उडाला तो सासूबाईंच्या खोकल्याने दचकून तबकडी हातातून निसटली त्या दिवशी. ती फुटली नाही, एवढेच दैव.

१६/ पुढे रेडिओ आला. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. श्रोते सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभरात ५६ गीते प्रसारित झाली. रेडिओला हार घातल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' आली. रेडिओवर गाणे निवडता येत नसे, पण ते फुकट येई. पेटीत नव्या तबकड्या येणे मंदावले आणि काही वर्षांनी पेटी माळ्यावर गेली.

१७/ त्या काळाबद्दल बोलताना एक वाक्य हमखास येते: 'तेव्हा सगळे एकत्र बसून गाणी ऐकत.' नातीने आजीला विचारले, सगळे म्हणजे कोण? आजीने जागा सांगितल्या. ओसरीवर पुरुष. दाराआड माजघरात बायका. अंगणात आळीतील मुले. आणि गावाबाहेरच्या वस्तीतून कामाला येणारे गडी कुंपणापलीकडे रस्त्यावर उभे. गाणे सर्वांना ऐकू येई, हे खरे. बसायला जागा सर्वांना नव्हती, हेही तितकेच खरे.

१८/ पेटीत जे नाही, तेही पाहावे लागते. १९३० च्या दशकापासून आंबेडकरी जलसे गावोगावी फिरत होते. भीमराव कर्डकांसारखे शाहीर रात्ररात्र गात होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि वऱ्हाडातील वस्त्यांत नवी गाणी जन्मली. मास्तरांच्या पेटीत त्यातले काही नाही. जात्यावरच्या ओव्या नाहीत. आजी स्वतः पहाटे जात्यावर गात असे. ते गाणे कोणी विकत घेतले नाही, म्हणून झिजलेही नाही, उरलेही नाही. पुढे गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी जाऊन स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा या मौनाची व्याप्ती ध्यानात आली.

१९/ याचा अर्थ गतकाळाची ओढ खोटी, असा नव्हे. आजी त्या तबकडीवर अंगठा फिरवते तेव्हा तिला जे आठवते, ते तिचे सुखच आहे. मात्र ते चोरून घेतलेले सुख आहे. 'किती साधे, किती गोड दिवस होते ते' असे म्हणणाऱ्याला झाकण खाली ओढणारा हात दिसत नाही. 'सगळा अन्यायच होता' असे म्हणणाऱ्याला त्या हाताने पुन्हा पुन्हा फिरवलेली चावी दिसत नाही. झिजलेल्या तबकडीवर दोन्ही खुणा एकाच जागी आहेत.

२०/ शेवटी निर्णय घ्यावा लागला, कारण पुण्यातील सदनिकेत ४७ तबकड्या ठेवायला जागा नव्हती. नातीने १२ स्वच्छ तबकड्या विकल्या. त्या जाणत्या हाती जाणे योग्यच होते. उरलेल्या ३५ तिने ठेवल्या. सलग तीन दुपारी आजीजवळ बसून तिने प्रत्येक तबकडीचा क्रमांक वहीत उतरवला आणि आजीचे बोलणे भ्रमणध्वनीवर मुद्रित केले: कोणती कधी आली, कोण लावी, कोण उठून जाई. बऱ्याच ठिकाणी वहीत फक्त 'आठवत नाही' असे आहे. तीही नोंदच.

२१/ आपल्या घरी अशी पेटी असेल तर काही गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. ऊन व ओल यांपासून जपाव्यात. स्पिरिटने कदापि पुसू नयेत. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, हे आठवावे; तबकडीही तशीच विरघळेल. किंचित ओलसर मऊ फडके पुरे, चिठ्ठी कोरडी ठेवून. चिठ्ठीवरील क्रमांक आणि चिठ्ठीभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मुद्रणक्रमांक, दोन्ही लिहून घ्यावेत. चिठ्ठी गेली तरी त्या कोरीव क्रमांकावरून गाणे शोधता येण्याची शक्यता उरते.

२२/ आणि विकण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्क स्त्रीच्या हाती प्रत्येक तबकडी एकदा द्यावी. या घरी ३५ पैकी ३४ तबकड्यांची नावे वहीत लिहिली गेली. टवका उडालेल्या तबकडीवरील कोरीव क्रमांकही घासून गेला आहे आणि सुई टेकवली की केवळ खरखर ऐकू येते. ते गाणे कोणते, असे नातीने दोनदा विचारले. आजी हसली आणि तिने सांगितले नाही. वहीत त्या ओळीपुढे जागा कोरी आहे.